पडद्यावरची नदी आणि खरी माणसं: या चुका टाळा

माणसाच्या हालचालीला प्रतिसाद देणारी डिजिटल चित्रं आम्ही मांडतो. त्यात पोरांचं ‘सर, काल रात्री चाललं होतं!’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. रात्री लॅबमध्ये चाललं, म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

सांगलीतली आमचीच फजिती सांगतो. जुन्या वाड्याच्या ओसरीवर प्रोजेक्टरने कृष्णेचं पाणी सोडलेलं, वर टांगलेला जुना कायनेक्ट, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर. पाय पडला की तरंग उठायचे. रात्री झकास. सकाळी अकराला पाहुणे आले, ओसरीवर ऊन आलं. चित्र फिकटलंच, पण नदीही मख्ख. हा कायनेक्ट इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके टाकून अंतर मोजतो. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर, त्यात ठिपके बुडाले. पोरं कोड उघडून बसली. मी आधी ऊन अडवायला गोणपाट शोधतो, लॅपटॉप नंतर.

गोणपाटं टांगली, तरंग परतले. पण लोक पाय ठेवेनात! काठाला चपलांची रांग लागली आणि एक आजी हात जोडून म्हणाल्या, ‘कृष्णामाईवर पाय कसा ठिवू, बाळा?’

आमच्या गटात समाजशास्त्राच्या मॅडम होत्या. त्यांना बोलावलं कधी, तर शेवटच्या आठवड्यात, अहवाल लिहायला. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर त्यांनी हे चहा पिता पिता सांगितलं असतं. अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक हिरोशी इशी १९९७ पासून डिजिटल माहिती हाताला लागावी म्हणून धडपडताहेत. त्यांचं नाव प्रस्तावात सगळे घालतात, हात कोणाचा आणि कुठे लागणार हे कोणी विचारत नाही. शेवटी पाऊल सोडून आम्ही काठावरून वाकलेला हात पकडला. आजींनी ओंजळ फिरवली, मग पोरंही सरसावली.

बाकीचं थोडक्यात. एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर. त्याच्या इको पिनवर, म्हणजे उत्तर देणाऱ्या टोकावर, ५ व्होल्ट येतात; ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला ३.३ च चालतात. व्होल्टेज उतरवायला मध्ये दोन रेझिस्टर घाला, ‘एकदा लावून बघू’ म्हणू नका. आणि त्या सेन्सरसमोर पुठ्ठा धरून चाचणी करू नका. मऊ कापड आवाज गिळतं, साडीतली बाई त्याला दिसतेच असं नाही.

हात हलला आणि तरंग उठला, यात १०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की खटकतं. मी मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ काढून हात हलल्यापासून तरंग उठेपर्यंतच्या फ्रेम मोजतो. २४ च्या, म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या, पुढे गेल्या तर पोरांना घरी सोडत नाही.

गर्दीत वाय-फायवर विसंबू नका, वायर ओढा. दिसायला वाईट म्हणून कलावाले कुरकुरतील. कुरकुरू द्या.