फिक्सी बांधताय? आधी मागचं हब बघा

फिक्सी म्हणजे चाक फिरेल तोवर पॅडलही फिरतच राहणारी सायकल. सायकलची फिक्सी करायची म्हणजे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र) काढायचं आणि त्याच हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, कॉग (घट्ट बसणारं दातेरी चक्र) आवळायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. आटे जुळतात, कॉग बसतोही झकास. पुढे पॅडल मारताना तो आणखी घट्टच होतो. पण वेग कमी करायला पाय मागे रेटला की तोच कॉग सुटायला लागतो. खऱ्या फिक्स्ड हबवर कॉगच्या बाहेर उलट्या आट्यांचा वेगळा टप्पा असतो, त्यावर कॉगला अडवून धरणारी लॉकरिंग बसते. ती डावीकडे फिरवूनच घट्ट होते. साध्या हबवर बॉटम ब्रॅकेटची (पॅडलच्या आसाची) रिंग आणि आट्यांत गोंद, हा जुगाड कोणी कितीही छातीठोकपणे सांगो, करू नका. नवा कॉग लावल्यावर एखादा चढ मारा आणि घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. पाय मागे रेटताना ‘टक्’ वाजलं तर तिथेच उतरा. तसंच चालवलंत तर आटे झडतात आणि हब भंगारात.

चेन तपासताना क्रँक (पॅडलचा दांडा) पूर्ण फिरवून बघा. चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, क्वचितच शंभर टक्के गोल असते. एका जागी चेन ताठ, दुसऱ्या जागी ढिली. ताठ जागी साधारण एक सेंटीमीटर खेळ ठेवा. फिक्सीची चेन उतरून अडकली की मागचं चाक जाम होतं. म्हणून मागच्या चाकासाठी आडव्या खाचा असलेली फ्रेम घ्या, चाक मागे ओढून चेन ताणता येते.

गिअर? ४४/१८ ने (चेनरिंगचे ४४ दाते, कॉगचे १८) सुरुवात करा. ४८/१६ दिसायला भारी, पण बरोबर तीनाचं प्रमाण, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या नेमक्या तीन. त्यामुळे स्किड करताना (पाय रोखून मागचं चाक घसरवताना) एकच पाय पुढे ठेवत असाल तर टायर दरवेळी एकाच जागी घासतो.

आता चालवणं. खरी अडचण पायांच्या सवयीची. स्पीडब्रेकर आला की पाय आपोआप थांबतात, पॅडल मात्र थांबत नाही आणि सीटवरून उचलून फेकतं. ही सवय मोडायला नवी मुंबईतला पाम बीच रोड नको, तिथल्या गाड्यांचा वेग बघा. नेरुळ-सानपाड्याच्या सेक्टरमधले आतले रस्ते पहाटे बरे. वळणावरही पॅडल फिरतच राहतं. जास्त झुकलात तर जमिनीला लागतं. १६५ मिलिमीटरचा क्रँक असेल तर थोडी सूट मिळते. स्किड नंतर शिका, आधी नुसतं पाय जड करून वेग उतरवायला.

पुढचा ब्रेक काढू नका. बिनब्रेकची फिक्सी वेलोड्रोममध्ये (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) शोभते, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर नाही. तिथल्याच येऊरच्या डोंगराचा उतार ताशी ४० ने उतरलात, तर ४४/१८ वर पाय मिनिटाला सुमारे १३० फेऱ्या मारतात. नवख्याचे पाय त्याआधीच पॅडलवरून सुटतात, आणि सुटलेलं फिरतं पॅडल नडगी फोडतं.

चाक फिरत असताना फडक्याने चेन पुसू नका. बोट कॉगमध्ये गेलं तर चाक थांबत नाही.