मसालापट मनापासून कसा पाहावा

मसालापट पाहायला जाताना डोके घरी ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये, कारण डोके घरी राहिले तर निम्मी गंमतही घरीच राहते.

सुरुवात मनमोहन देसाई यांच्या १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’पासून करावी आणि सलग तीन तास मोकळे ठेवावेत. सोबतीला तीन-चार माणसे हवीतच. या चित्रपटांत जोरदार संवादानंतर टाळ्या-शिट्ट्यांसाठी जागा सोडलेली असते, आणि एकट्याने मोबाइलवर पाहिले की ती जागा ओकीबोकी वाटते. दर दोन मिनिटांनी शंका काढणारा नातेवाईक मात्र शक्यतो टाळावा.

पहिल्या अर्ध्या तासात चित्रपटाचे नियम समजून घ्यावेत. इथे तीन भाऊ हरवतात ते १५ ऑगस्टला, गांधीजींच्या पुतळ्यापाशी. त्यांतला एक हिंदू पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो, दुसरा मुसलमान शिंप्याच्या आणि तिसरा ख्रिस्ती धर्मगुरूच्या आश्रयाला. एवढे पाहिल्यावर योगायोग हा या कथेचा कायदाच आहे, हे ध्यानात यावे, आणि एकदा कायदा मान्य केला की पुढे प्रत्येक वळणावर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

खरी परीक्षा रुग्णालयातील प्रसंगात होते. जखमी अंध स्त्रीला रक्त हवे असते. तिघे तरुण शेजारशेजारच्या खाटांवर पडून ते देतात. आपण भाऊ आहोत आणि समोरची स्त्री आपली आई आहे, हे त्यांना ठाऊक नसते. तिघांच्या नळ्या एकाच बाटलीत जातात आणि तिथून रक्त थेट आईच्या शरीरात उतरते. खाटेवरचे रक्त वर टांगलेल्या बाटलीत चढते कसे, याकडे भौतिकशास्त्राच्या शिक्षकानेही कानाडोळा करू नये. त्याने ते नीट पाहावे, हसावे आणि तरीही गहिवरावे. चित्रपट एव्हाना बराच पुढे गेलेला असतो, पण श्रेयनामावली येते ती इथे. अशा वेळी ‘हे शक्य आहे का?’ असे न विचारता ‘आता काय व्हावे असे मला वाटते आहे?’ असे स्वतःला विचारावे.

गाणी पुढे ढकलू नयेत. याच चित्रपटात आईची दृष्टी परत येते ती साईबाबांच्या गाण्यात. ते गाळले तर पुढच्या प्रसंगात तिला दिसू कसे लागले, याचा उलगडा होत नाही.

एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना रस झटकन बदलतो, याचाही त्रास करून घेऊ नये. गण, गवळण, बतावणी आणि वग एकाच रात्री पाहणाऱ्या तमाशाच्या प्रेक्षकाला असा बदल कधी खटकला नाही. मार खाऊन आलेला, दारू प्यायलेला अँथनी स्वतःच्या जखमा सोडून आरशातल्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो, तेव्हा कथा थबकते आणि काही मिनिटे सगळा पडदा अमिताभ बच्चन यांचा होतो. ही मिनिटे घाई न करता पाहावीत.

अर्थात प्रत्येक मसालापट इतका सहनशीलतेच्या लायकीचा नसतो. नायकाला हवेत उडवणे सोपे असते. त्याने उडावे अशी प्रेक्षकाची इच्छा आधी तयार करणे अवघड. मध्यंतरापर्यंत ती इच्छा एकदाही जागी झाली नाही, तर उपाहारगृहात वडा खावा आणि सरळ घर गाठावे.