ग्राफीन ताणलं तर उष्णता जास्त वाहते की कमी? या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकाच थराचा पत्रा. पीएचडीला लागल्यावर गाइडने पहिला प्रश्न हाच दिला होता. महिनाभर पेपर वाचले आणि होते त्याहून जास्त गोंधळले. एका पेपरात आलेख खाली उतरतो, दुसऱ्यात वर चढतो, तिसऱ्यात आधी चढतो आणि मग घसरतो. पदार्थ तोच, तापमानही तेच. आता नवीन विद्यार्थी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, की आलेख बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा: उष्णता कोणते फोनॉन (अणूंच्या कंपनांचे तरंग) वाहतायत, पत्रा किती लांबीचा धरलाय आणि उत्तर कोणत्या पद्धतीने काढलंय. ही माहिती नसेल तर ‘वाढते’ आणि ‘घटते’ दोन्ही सारखेच निरुपयोगी.

आधी फोनॉनांचं बघू. नेहमीच्या घन पदार्थाबद्दल आपला अंदाज सरळ असतो. ताणलं की बंध सैल पडतात, कंपनांची वारंवारता उतरते, फोनॉन मंदावतात आणि उष्णतावाहकता (पुढे नुसती वाहकता) कमी होते. अणुभर जाडीच्या पत्र्याला मात्र तिसरी दिशा मोकळी असते. अणू पत्र्याच्या बाहेर, वर-खाली हलू शकतात. या कंपनांच्या शाखेला झेडए म्हणतात. ताण नसताना तिची वारंवारता तरंगसदिशाच्या (तरंग जितका आखूड तितका तो मोठा) वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लांब तरंग अगदीच सुस्त. ढोलाचं कातडं आवळावं तसा पत्रा ताणला की हीच शाखा सरळ रेषेत चढू लागते आणि त्या सुस्त तरंगांना वेग येतो. म्हणजे पत्र्याच्या आतली कंपनं मंदावतात आणि बाहेरची वेग घेतात. दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात.

झेडए शाखा इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर लिंडसे, ब्रॉइडो आणि मिंगो यांनी 2010 मध्ये दिलं. ग्राफीन सपाट असल्यामुळे पत्र्याच्या वर आणि खाली आरशासारखी सममिती असते. त्यामुळे तीन फोनॉनांच्या टकरीत पत्र्याबाहेर हलणाऱ्या फोनॉनांची संख्या समच असावी लागते. निम्म्याहून जास्त टकरी या नियमाने बाद होतात, झेडए फोनॉन जास्त जगतात आणि त्यांच्या गणितात खोलीच्या तापमानाला तीन-चतुर्थांशाच्या आसपास उष्णता हीच शाखा वाहते. सिलिसीनमध्ये (सिलिकॉनचा तसाच एका थराचा पत्रा) अणू थोडे वर-खाली बसलेले असतात, म्हणून तिथे हा नियम मोडतो. ते ताणलं की हा चढउतार कमी होत जातो. त्यामुळे बऱ्याच गणितांत सिलिसीनची वाहकता आधी वाढते आणि ताण फार झाला की उतरते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पत्र्यात अणूंचे तीन थर असतात. तिथे गणितं बहुतेक वेळा घटच दाखवतात. तेव्हा ग्राफीनचा निष्कर्ष उचलून दुसऱ्या पदार्थाला चिकटवू नका.

लांबीचा मुद्दा थोडक्यात. बोनिनी, गर्ग आणि मार्झारी यांनी 2012 मध्ये दाखवलं, की फक्त तीन फोनॉनांच्या टकरी धरल्या तर ताणलेल्या ग्राफीनची वाहकता पत्रा वाढवत नेला तरी एका आकड्यावर स्थिरावत नाही, वाढतच राहते. म्हणून लांबी न सांगता दिलेला आकडा मी वहीत उतरवूनच घेत नाही.

पद्धतीवर मात्र वेळ घालवा, बहुतेक भांडणं इथलीच आहेत. फोनॉनांच्या वाहतुकीचं बोल्ट्झमन समीकरण सोडवताना ‘रिलॅक्सेशन टाइम’चं सोपं गृहीतक वापरलं, तर प्रत्येक टक्कर अडथळा म्हणून मोजली जाते. ग्राफीनमध्ये संवेग जपणाऱ्या टकरी भरपूर असतात आणि त्या एकट्याने प्रवाह थांबवत नाहीत. त्यामुळे वाहकता बरीच कमी दिसते. समीकरण पूर्णच सोडवा, पुनरावृत्तीने किंवा थेट. शेंगबीटीई या प्रोग्रॅममध्ये पहिली सोय आहे, फोनो3पायमध्ये दुसरी. मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंची हालचाल न्यूटनच्या नियमांनी पायरीपायरीने काढणं) अभिजात असतं, म्हणजे क्वांटम नियम धरत नाही, सगळ्या कंपनांना सारखीच ऊर्जा वाटतं. ग्राफीनचं डिबाय तापमान (ज्याच्या बरंच खाली सगळी कंपनं पूर्ण जागी होत नाहीत) खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वर, म्हणजे 300 केल्व्हिनला हे वाटप खरं नसतं. त्यात टर्सॉफसारख्या अनेक-अणू विभवांसाठी (अणूंमधल्या ऊर्जेच्या सूत्रांसाठी) उष्णताप्रवाहाचं पूर्वी सर्रास वापरलं जाणारं सूत्र अपुरं होतं, हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. जुना पेपर वाचताना हे लक्षात असू द्या.

स्वतः गणित करताना सगळ्यात नाजूक जागा म्हणजे शून्य ताण. ग्राफीनचा जालक स्थिरांक (अणूंच्या रचनेच्या एका पुनरावृत्तीची लांबी) 2.46 अँगस्ट्रॉम. तो 0.005 ने चुकला, तर तुमचा ‘न ताणलेला’ पत्रा प्रत्यक्षात 0.2 टक्के ताणलेला किंवा दाबलेला असतो. ताणलेला असेल तर झेडए शाखा उगमापाशी सरळ होते, दाबलेला असेल तर वारंवारता ऋण दिसते. पर्यवेक्षक विचारण्याआधी आपणच झेडए शाखेचा लॉग-लॉग आलेख काढून उतार बघावा: ताण नसताना 2, ताणल्यावर लहान तरंगसदिशांपाशी 1. एका दिशेने ताणत असाल तर आडवी दिशा मोकळी सोडून शिथिल करा. जाडी सगळीकडे एकच धरा. ग्राफीनसाठी 3.35 अँगस्ट्रॉम हा रिवाज आहे, पण दोन वेगळे पदार्थ तुलनेला घेतले की जाडीचा रिवाजच निकाल ठरवू लागतो.

प्रयोगाकडे जाणाऱ्यांसाठी रामन वर्णपट, म्हणजे विखुरलेल्या लेसरप्रकाशाची वारंवारता किती बदलते याचा आलेख. 2008 मध्ये बालंडिन यांच्या गटाने लटकत्या ग्राफीनसाठी 5000 वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपासचा आकडा याच मार्गाने काढला (तांब्याचा सुमारे 400). लेसरने पत्रा तापवायचा आणि वर्णपटातलं ‘जी’ नावाचं शिखर किती सरकतं यावरून तापमान ओळखायचं. अडचण अशी, की हे शिखर ताणानेही सरकतं. तापमानाने प्रति केल्व्हिन सुमारे 0.016 प्रति सेंटिमीटर, तर दोन्ही दिशांच्या ताणाने प्रति टक्का साठाच्या आसपास, आणि दोन्ही वेळा खालीच. म्हणजे नुसता 0.1 टक्का ताण सुमारे पावणेचारशे केल्व्हिनच्या तापण्यासारखा दिसतो! म्हणून आधी अगदी कमी लेसरशक्तीला शिखराची जागा नोंदवायची आणि मग शक्ती वाढवत सरकण्याचा उतार घ्यायचा. स्थिर ताण त्यातून वजा होतो. तरीही तापल्यावर ग्राफीन आकसतं (त्याचा प्रसरणांक खोलीच्या तापमानाला ऋण आहे), तेव्हा मोजता मोजता ताण बदलतो. तो वेगळा हिशेबात धरावा लागतो.

नोकरीचं म्हणाल तर ‘ताणलेलं ग्राफीन’ या नावाची जागा कुठे निघत नाही. चिपमधली उष्णता बाहेर काढणं आणि थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ, या दोन्ही ठिकाणी फोनॉनांचं गणित येणारी माणसं लागतात, आणि मुलाखतीत पदार्थापेक्षा ‘कन्व्हर्जन्स कसा तपासलात’ (गणित आणखी बारीक केलं तरी आकडा स्थिर राहतो का) हेच जास्त विचारतात.

सुरुवात सिलिकॉनपासून करा. 300 केल्व्हिनला तुमचं गणित सुमारे 150 वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या जवळ येतंय का बघा. नाही आलं तर ग्राफीनला हात लावू नका. आलं, की ग्राफीन 0, 1 आणि 2 टक्के ताणून तिन्हींची झेडए शाखा एकाच आलेखावर काढा. वाहकतेचा आकडा त्यानंतर.