वसुलीचा फोन आला की पैसे नंतर, कागद आधी

मी बरीच वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली. टेबलाच्या त्या बाजूने एकच चित्र वारंवार दिसायचं. हप्ते थकलेला माणूस कर्जापेक्षा लाजेनेच जास्त खचतो. फोन उचलत नाही, घरात सांगत नाही, आणि मग एक दिवस एजंटच्या दबावाला बळी पडून भलत्याच खात्यात पैसे भरून बसतो. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

फोन उचला. भांडू नका, पण समोरचा सांगेल त्या रकमेला लगेच ‘हो’ही म्हणू नका. त्याचं नाव, एजन्सीचं नाव, कुठल्या बँकेसाठी काम करतो ते विचारा आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. खरा एजंट ते देतो. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. असे फोन आले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. ‘उद्या पोलीस येतील’ हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. नुसता हप्ता थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. चेक न वटणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली खटला होतो. म्हणून खात्यात पैसे नसताना पुढच्या तारखेचे चेक कुणाच्या हातात देऊ नका.

मग क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली त्याची नोंदवही, काढा. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण हा रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. तो आकडा बघून लोक रिपोर्ट मिटवून टाकतात, आणि खरी माहिती तर खाली असते. थकलेल्या खात्यापाशी या. तिथे महिन्यागणिक चौकटी दिसतील. ‘०००’ म्हणजे त्या महिन्यात थकबाकी नाही, ‘०६०’ म्हणजे ६० दिवस उशीर. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं. ही रांग स्वतःच्या पासबुकाशी ताडून बघा. भरलेला हप्ता थकीत दाखवलाय का? कधीच न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का? आणि ‘राइट-ऑफ’ लिहिलेलं दिसलं तर कर्ज माफ झालं असं समजू नका. बँकेने ते आपल्या हिशेबातून बाजूला काढलंय, येणं कायम आहे.

आता मुख्य मुद्दा. एजंट म्हणतो, ‘दीड लाखाऐवजी साठ हजार भरा, विषय संपला.’ विषय तिथे संपत नाही. कमी रकमेत तडजोड केली की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. पुढे घराच्या कर्जासाठी गेलात की तो शेरा वाचणाऱ्याला एवढंच दिसतं, की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. म्हणून शक्य असेल तर मुदत वाढवून घ्या, दंड आणि व्याज कमी करायला सांगा, पण मुद्दल पूर्ण फेडून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्या. नोकरीच गेली असेल, घरात आजारपण असेल, तर तडजोड करा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याची किंमत माहीत असू द्या.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात कर्ज खात्याचा नंबर, नेमकी रक्कम, शेवटची तारीख आणि ही रक्कम भरल्यावर काहीही येणं राहणार नाही हे वाक्य हवं. बँकेने कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल, तर तसं बँकेकडून लेखी घ्या आणि पत्र त्या कंपनीचं घ्या. पैसे थेट कर्ज खात्यात भरा. एजंटच्या मोबाइल नंबरवर यूपीआय करू नका, रोख तर नकोच. नंतर थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या आणि तो कायमचा जपा.

थोडे दिवस थांबून रिपोर्ट पुन्हा बघा. नोंद बदलली नसेल तर ज्या कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार टाका, दाखला जोडा, बँकेलाही ईमेल करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. ती हक्काने मागा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे अर्जाला फी नाही, वकीलही लागत नाही.

स्कोअर मात्र सावकाश चढतो. चालू असलेला एकही हप्ता चुकवू नका, क्रेडिट कार्डाच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवा, आणि दिसेल तिथे नव्या कर्जाचे अर्ज करत सुटू नका. कुणीच कार्ड देत नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं घ्या. ‘पैसे द्या, महिन्यात सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला आधार, पॅन किंवा ओटीपी देऊ नका; खरी असलेली नोंद त्याला पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा अर्ज तुम्हाला स्वतःला फुकट करता येतो.