केळीचे सोपट, पऱ्हाटी आणि पुराचे लाकूड: खान्देशात निसर्गकला शिकताना

कलाशाळेत न जाता, आसपास सापडणाऱ्या वस्तूंपासून कलाकृती करायच्या असतील तर पहिले वर्ष एकाच मालाला द्या. नवखी मंडळी उत्साहात लाकूड, बिया, माती, पाने सगळे एकदम जमवतात आणि पावसाळा संपेपर्यंत निम्म्याला बुरशी, निम्म्याला भुंगा लागतो. मग वाटते, आपल्याला जमत नाही. बहुतेक वेळा हात बरा असतो, माल कच्चा असतो. तो उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यात कसा वागतो हे एकदा पुरते कळले की पुढचे सोपे जाते. चंडीगडचे रॉक गार्डन उभारणारे नेक चंद रस्ते निरीक्षक होते, कलेचे शिक्षण नव्हते. सायकलवरून दगड आणि टाकाऊ वस्तू वर्षानुवर्षे गोळा करून त्यांनी ती बाग घडवली. १९७६ साली ती लोकांसाठी खुली झाली.

माल आपल्या तालुक्यातलाच निवडा. रावेर-यावलकडे असाल तर केळी. घड कापल्यावर खोड शेतातच पडून राहते, शेतकऱ्याला विचारले तर तो आनंदाने देतो. दसऱ्यानंतर ते माघापर्यंतच खोड घ्या. पावसाळ्यातले सोपट, म्हणजे खोडाचा सुटणारा पापुद्रा, दोन दिवसांत काळे पडते. दोन-तीन फुटांचे तुकडे करून सोपटे एकेक सोडवा आणि बोथट सुरीने आतला गर खरवडून काढा. कपडे जुने घाला, कारण केळीच्या चिकाचा डाग जात नाही. मग सोपटे सावलीत, दोन फळ्यांमध्ये वजनाखाली पाच ते सात दिवस वाळवा आणि मधे एकदा उलटा. घाईने उन्हात टाकलेले सोपट नळीसारखे गुंडाळते. तसे झालेच तर ओल्या फडक्यात तासभर ठेवून दोन सुती कापडांमधून मंद इस्त्री फिरवा. बाहेरचे सोपट गडद तपकिरी, मधले बदामी, आतले जवळजवळ पांढरे आणि जाळीदार असते. नुसत्या या तीन छटांत तापीकाठचा अख्खा देखावा बसवता येतो, रंग लागत नाही.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, आणि रिकामी बोंडे सगळ्या खान्देशात मिळतात, पण त्यांच्याबाबत कडक राहा. वेचणी संपलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून असते. अशी बोंडे घरात ठेवली तर पतंग निघतात, आणि दुसऱ्या गावी नेली तर कीडही सोबत जाते. म्हणून आणल्या दिवशीच बोंडे ६५ ते ७० अंशांवर ओव्हनमध्ये तासभर तापवा, नंतरच साठवा. हे न करता माळा आणि तोरणे विकणे म्हणजे कुणाच्या तरी पुढच्या हंगामाशी खेळ आहे.

काष्ठशिल्पाकडे ओढा असेल तर पूर ओसरल्यावर तापी, गिरणा, पांझरा यांचे काठ पाहा. चांगदेवला तापी-पूर्णा आणि प्रकाशाला तापी-गोमाई मिळतात. पाण्याने साल गेलेली, दगडांवर घासून गुळगुळीत झालेली मुळे अशा काठांवर शोधायची. अभयारण्यात, म्हणजे यावल आणि अनेर धरणाच्या हद्दीत, वाळकी काडीही उचलू नका. सांबर-चितळाचे गळून पडलेले शिंगसुद्धा बाळगणे गुन्हा ठरू शकते, ते जिथे आहे तिथे राहू द्या.

लाकूड आणल्यावर ब्रशने गाळ धुवून, भिंतीला न टेकवता, हवेशीर सावलीत ठेवा. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर असा सुतारांचा अंदाज आहे. त्याहून खात्रीचा मार्ग वजनकाट्याचा: दर आठवड्याला वजन लिहा, सलग तीन आठवडे आकडा हलला नाही तर लाकूड वाळले. एप्रिल-मेच्या उन्हात ठेवले तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि चीर पडते. लाकडाखाली पिठासारखा भुगा दिसला तर आत भुंगेरा आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन-तीनदा ब्रशने मुरवा; छोटे तुकडे दोन दिवस बुडवून ठेवा. हातमोजे घाला, मुले आणि गुरे लांब ठेवा. हे औषध पावसात धुपते, म्हणून ते घरातल्या कामापुरतेच.

जोडकामात गरम गोंदाच्या गनवर भिस्त ठेवू नका. जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास गेला की पत्र्याखालच्या खोलीत तो जोड मऊ होऊन सुटतो. चार ते सहा मिलिमीटरची बांबूची खुंटी आणि सोबत फेव्हिकॉल, हाच टिकणारा जोड. शेवटी बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे जवसाचे तेल पातळ लावा आणि अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्या. वरून मेण लावायचे तर थोडेच; जास्त झाले तर उन्हाळ्यात चिकटते आणि धूळ धरते. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका. तेल वाळताना तापते आणि गच्च दाबलेल्या फडक्यांना आपोआप आग लागू शकते. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवा.

मातीच्या भित्तिचित्रांत काळ्या मातीचा मोह सगळ्यांना होतो. पण ती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून एकटी वापरली की भेगाळते. दोन भाग पांढरी माती, एक भाग काळी, एक भाग चाळलेली वाळू आणि मूठभर बारीक भुसा चार दिवस भिजवा, मग तीन-चार मिलिमीटरचे थर द्या. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखालच्या गिलाव्यातही माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत; तिथे गेलात तर चित्रांइतकाच खपली उडालेला भागही निरखा. रंगासाठी गेरू पाण्यात ढवळा, मिनिटभराने वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, त्यात दिवसभराने बसलेला गाळ वाळवा. धावड्याचा डिंक दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून त्यात मिसळा. वाळलेल्या रंगावर बोट फिरवल्यावर भुकटी आली तर डिंक कमी, तडे गेले तर जास्त.

रचना शिकायला चाळीसगावला केकी मूस यांचे कलादालन जरूर पाहा. टेबलावर साध्या वस्तू मांडून उभे केलेले देखावे त्यांनी छायाचित्रांत टिपले. लहान जागेत खोली कशी भासवायची, हे तिथे नीट कळते.

विक्रीची सुरुवात हातात मावणाऱ्या वस्तूंनी करा. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत येणारा माणूस पिशवीत बसेल तेच घेतो. किंमत काढताना गोळा करण्याचे, वाळवण्याचे आणि औषध लावण्याचे तास धरा. बहुतेकजण फक्त घडवण्याचे धरतात आणि दोन वर्षांत थकतात. प्रत्येक वस्तूची नोंद ठेवा: माल कुठला, कधी आणला, कोणते औषध, कोणते तेल. मुंबईचे गिऱ्हाईक मिळाले तर मोठे फलक मेमध्ये घट्ट चौकटीत बसवून पाठवू नका. इथल्या कोरड्या हवेतले लाकूड जूनमध्ये तिथे ओलावा पिऊन फुगते आणि चौकट उसवते. चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा, फलक खाचेत सैल ठेवा, आणि भिंतीच्या ओलीपासून लांब टांगायची सूचना मागच्या बाजूला स्वच्छ अक्षरात चिकटवा.