घोर लागला की वही काढा

कारखान्याला ऊस जाऊन महिना झाला, बिल नाही. शुक्रवारी फायनान्सच्या गटकर्जाचा हप्ता. वर तालुक्याहून आलेली नोटीस, तीही कानडीत, आपल्या बेळगावकडं मराठी घरांना येते तशी. रात्री तीनला डोळा उघडतो आणि हे सगळं एका गठ्ठ्यानं छातीवर बसतं. पहिलं काम गठ्ठा सोडायचं.

साधी वही घ्या, पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. आपला हात पोचतो ते डावीकडे, पोचत नाही ते उजवीकडे. एका ओळीत एकच गोष्ट. नुसतं ‘कर्ज’ लिहून भागत नाही. ‘गटाचा हप्ता, शुक्रवार, २,१०० रुपये कमी’ असं लिहा. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याचे असेच दोन प्रकार मांडले: अडचणीवर काम आणि मनाच्या अवस्थेवर काम. घोटाळा होतो तो अदलाबदलीनं. नोटीस कपाटात ठेवून माणूस देवळात बसतो आणि पावसासाठी, बाजारभावासाठी रात्रभर डोकं शिणवतो.

डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढं अर्ध्या तासात होईल असं पहिलं काम लिहा. उसाच्या बिलाचंच घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे पहिलं काम वजनाच्या पावत्या तारखेप्रमाणं लावणं आणि लेखी अर्ज देऊन पोचेची सही घेणं. तोंडी विचारून आलात तर हातात काहीच राहत नाही.

नोटीस आली त्याच दिवशी वाचून घ्या. मुदतीचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत. वाचणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: कुणी पाठवली, काय मागितलंय, कोणत्या तारखेपर्यंत. कानडी शाळेत जाणाऱ्या पोराला मात्र वाचायला बसवू नका. कोर्टाची कानडी त्याला अर्धीच कळते, आणि घरचा घोर पुरा कळतो. वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातली कायदा सेवा समिती आहे, फोन १५१००. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

गटाच्या कर्जाबद्दल जरा सविस्तर, कारण खानापूर-चिकोडीकडं बऱ्याच घरांचं दुखणं तेच आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेल्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. आणि दुसऱ्या गटातून उचल घेऊन पहिल्याचा हप्ता भरणं ही सगळ्यात महाग चूक. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, पण वहीत बघा: जुनी ओळ पुढच्या हप्त्याला परत उभी राहते आणि खाली नवीन एक वाढलेली असते.

उजव्या बाजूला रोज एक ठरावीक वेळ द्या, संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, अंथरुणापासून लांब. त्या वेळात मनसोक्त काळजी करा. रात्री विचार आला की एका शब्दात टिपायचा आणि उद्या साडेसहावर ढकलायचा. पहिले चार-पाच दिवस मन ऐकत नाही, तरी वेळ मोडू नका.

छाती धडधडली तर नाकानं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. बरेच जण जोरजोरात मोठे श्वास घेतात, मग बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आता झटकाच आला असं वाटतं. श्वास हळू घ्यायचा, मोठा नव्हे. (छातीत दुखत असेल, हातात-जबड्यात कळ जात असेल तर श्वास मोजत बसू नका, दवाखाना गाठा.)

निपाणीकडं मिश्री लावली की डोकं शांत होतं म्हणतात. शांत होते ती तंबाखूची तलफ. काळजी तिथंच असते. दारूनं झोप लवकर लागते आणि मध्यरात्री मोडते. दुपारी चारनंतरचा चहाही बंद करून बघा.

दोन आठवडे झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, तर वही पुरत नाही. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

घरातलं कुणी मरणाचं बोलत असेल तर सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी शेजारच्यांकडं कुलपात ठेवा, किल्ली त्यांच्याकडंच.