एका मागाला दिवसाला ६ हजार युनिट? वीज आणि ध्वनीच्या गणितांत या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरातल्या नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान आठवतं. उजळणीच्या वह्या तपासताना दरवर्षी तेच दिसतं. सूत्र बहुतेकांचं बरोबर असतं, माती होते ती एककांत आणि शून्यांत.

यंत्रमागाची मोटर घ्या. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पाळी आठ तासांची. वीज किती युनिट? ७४६ × ८ = ५,९६८, खाली दोन रेघा, झालं! हे लिहिणाऱ्या एका पोराच्या घरीच माग होते. ‘घरचं बिल आठव’ म्हटल्यावर तोच हसला. युनिट म्हणजे किलोवॅट तास, म्हणून वॅटला आधी हजाराने भागायचं. ०.७४६ × ८, म्हणजे जेमतेम ६ युनिट.

समांतर जोडणीतली चूक जास्त चिवट. रोध ६ ओहम आणि ३ ओहम. १/६ + १/३ = १/२, आणि पोरं ‘अर्धा ओहम’ लिहून मोकळी होतात. शेवटी अपूर्णांक उलटा करायचा राहिला, खरं उत्तर २ ओहम. ‘समांतरात उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षा कमी येतं’ ही खूण सगळ्यांना पाठ असते, पण इथे ती उपयोगाची नाही, कारण अर्धाही तीनपेक्षा कमीच. तिला एक जोड द्या : रोध दोनच असतील तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्याखाली कधीच जात नाही. म्हणजे इथे ते दीड ते तीनच्या मध्येच हवं. अर्धा ओहम लगेच सापडतो.

उष्णतेच्या गणितात धारेचा वर्ग करा आणि मिनिटांचे सेकंद करा. २ अँपिअर, ५० ओहम, ५ मिनिटं : ४ × ५० × ३०० = ६०,००० ज्यूल.

ध्वनीत ‘किलो’ घात करतो. वारंवारता २० किलोहर्ट्झ, वेग ३४४ मीटर प्रति सेकंद. पोरं ३४४ ला नुसत्या २० ने भागतात आणि तरंगलांबी १७.२ मीटर लिहितात. गंमत म्हणजे शंकाही येत नाही, कारण प्रतिध्वनीसाठी लागणारं किमान अंतर म्हणून हाच आकडा पुस्तकात वाचलेला असतो. भागायचं २०,००० ने. उत्तर १.७२ सेंटिमीटर.

प्रतिध्वनीत आवाज जातो आणि परत येतो. भुईकोट किल्ल्याच्या तटासमोर टाळी वाजवली आणि अर्ध्या सेकंदाने ती परत ऐकू आली, तर तट १७२ नव्हे, ८६ मीटरवर. ३४४ हा वेग २२ अंशांच्या हवेतला. आपल्या मे महिन्यात, ४० अंशांना, तो ३५५ च्या आसपास जातो. तरी पेपरात दिलेलाच आकडा वापरा, सोलापूरच्या उन्हाला मार्क नाहीत.

आलेख आला तर आडवा अक्ष आधी वाचा. तिथे वेळ असेल तर लगतच्या दोन शीर्षांमध्ये दोलनकाल मिळतो, अंतर असेल तर तरंगलांबी. आणि प्रश्नात ‘शीर्ष ते लगतची दरी’ असं दिलं असेल, तर ती अर्धीच तरंगलांबी. दुप्पट करूनच पुढे जा.